३ जानेवारी १९७१ : पात्रतेची अट नसलेले विद्यापीठ

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले पाठ ३ जानेवारी १९७१ रोजी, रविवारी, बीबीसीवरून प्रसारित झाले. प्रवेशासाठी ना गुणपत्रिका लागत होती, ना शाळा पूर्ण केल्याचा दाखला. पहिल्याच वर्षी सुमारे २४ हजार विद्यार्थी दाखल झाले.

कल्पना १९६३ मध्ये मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन यांनी मांडली. तडीस नेली ती मंत्री जेनी ली यांनी. प्रवेश खुला असला तरी पदवी इतर विद्यापीठांच्या तोडीचीच हवी, यावर खाणकामगाराची ही लेक अखेरपर्यंत ठाम राहिली. विद्यापीठाचे खरे मोठेपण या आग्रहात आहे. चाळणी दारात नव्हती, कस लागायचा तो परीक्षेत.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना घरपोच प्रयोगपेटी मिळे. तिच्यात हाताच्या पंजात मावणारा प्लॅस्टिकचा सूक्ष्मदर्शकही असे. दिवसभर नोकरी करून आलेली माणसे स्वयंपाकघरातल्या टेबलावर प्रयोग मांडत, स्वाध्याय टपालाने धाडत आणि उन्हाळ्यात निवासी वर्गांना जात. १९७३ मध्ये पहिले पदवीधर बाहेर पडले.

भारतातले पहिले मुक्त विद्यापीठ हैदराबादला १९८२ मध्ये उभे राहिले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चे.