एक्सएमएल विश्लेषण व विसंगत माहितीरचना

एक्सएमएल या खूणभाषेत नोंदविलेला मजकूर वाचून त्यातील घटक, घटकांचे गुणधर्म व त्यांची परस्परांतील गुंफण संगणकीय आज्ञावलीस उपलब्ध करून देण्याच्या क्रियेस एक्सएमएल विश्लेषण म्हणतात. पर्ल, पीएचपी, पायथन यांसारख्या स्क्रिप्ट भाषांत हे काम वरवर सोपे भासते. तथापि एकाच जातीच्या दोन दस्तऐवजांतून दोन निराळ्या आकारांच्या माहितीरचना निष्पन्न होणे, हा दोष या भाषांत वारंवार उद्‌भवला आहे.

त्याचे मूळ एक्सएमएलच्या घडणीतच आहे. आयबीएम कंपनीत १९६९ मध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लॉरी यांनी जीएमएल ही खूणभाषा तयार केली. तीतून एसजीएमएल विकसित होऊन १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरली. तिचे सुटसुटीत रूप म्हणून डब्ल्यू३सी या संघटनेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल १.० प्रसिद्ध केली. तीत सुघटित व वैध असे दोन दर्जे मानले आहेत. प्रत्येक खूण मिटलेली व घटक नीट एकात एक बसलेले असले की दस्तऐवज सुघटित ठरतो. वैध ठरण्यासाठी तो स्वतंत्रपणे दिलेल्या रचनानियमांशीही जुळावा लागतो. एखादा घटक किती वेळा येऊ शकतो, हे केवळ त्या नियमांत सांगितलेले असते आणि सुघटित दस्तऐवज त्यांच्यावाचून वाचता येतो. ही मुभा सोयीची खरी, पण सर्व अडचण तीतूनच निघाली.

एक्सएमएल युनिकोडवर आधारलेली असल्याने घटकांची नावे देवनागरीतही चालतात. ‘पुस्तक’ या घटकात ‘लेखक’ हा घटक दोनदा आला, तर त्याची यादी करावी, हे विश्लेषकास कळते. तो एकदाच आला, तर पुस्तकास एकच लेखक असण्याचा नियम आहे की या पुस्तकापुरता तो एक आहे, हे दस्तऐवजावरून कळत नाही.

ग्रँट मॅक्लेन यांच्या एक्सएमएल-सिंपल या पर्लमधील संचात हे स्पष्ट दिसते. दोन लेखक असल्यास त्यातून यादी मिळे, एक असल्यास साधा मजकूर, लेखकास गुणधर्म जोडलेला असल्यास नाव-मूल्यांचा कोश, आणि घटक रिकामा असल्यास रिकामा कोश. यावर ‘फोर्सअ‍ॅरे’ हा पर्याय दिला गेला. त्यात नावे दिलेल्या घटकांची नेहमीच यादी होते. म्हणजे जे ज्ञान रचनानियमांत असावयाचे, ते आज्ञावलीकाराने हाताने पुरवावयाचे. पुढे संचाच्या कर्त्यानेच नव्या कामासाठी तो वापरू नये, असे त्याच्या माहितीपत्रकात नमूद केले.

बातम्यांच्या संकलनासाठी वापरल्या जाणाऱ्या आरएसएस या एक्सएमएल-आधारित प्रकारात गोंधळ अधिक होता. १९९९ च्या ०.९१ आवृत्तीत प्रत्येक बातमीचा घटक ‘चॅनल’ या घटकाच्या आत असे. २००० च्या १.० आवृत्तीत तो त्याच्या बाहेर, शेजारी आला. २००२ च्या २.० आवृत्तीत पुन्हा आत गेला. २००५ मध्ये मानक ठरलेल्या अ‍ॅटममध्ये घटकाचे नाव व दिनांक लिहिण्याची पद्धत दोन्ही बदलली. शिवाय कित्येक संकलने सुघटितही नसत. मार्क पिल्ग्रिम यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या पायथनमधील फीड पार्सरने हे सर्व प्रकार स्वीकारून वाचकास मात्र नेहमी एकाच आकाराची यादी दिली. सदोष मजकूर नाकारण्याऐवजी तो शक्य तितका वाचून दोषाची नोंद तेवढी केली जाई. सुघटित नसलेला दस्तऐवज दिसताच विश्लेषकाने नेहमीचे वाचन थांबवावे, या मूळ मानकातील दंडकाच्या हे उघड विरुद्ध होते. व्यवहारात मात्र तेच उपयोगी पडले.

पीएचपी ५ बरोबर २००४ मध्ये आलेल्या सिंपलएक्सएमएलमध्ये एकटा घटकही यादीप्रमाणे क्रमाने वाचता येतो. परंतु त्याचे जेसनमध्ये रूपांतर केले की जुना दोष परत येतो. फ्रेडरिक लुंड यांची एलिमेंटट्री पायथनच्या २.५ या आवृत्तीत २००६ मध्ये समाविष्ट झाली. तिच्यातील ‘फाइंडऑल’ या आज्ञेचे उत्तर घटक शून्य असोत, एक असो वा अनेक, यादीच असते. तीच रीत अधिक निर्दोष म्हणावी लागेल.

तरीही थेट कोश मिळविण्याचा मोह सुटला नाही. पायथनमधील एक्सएमएल-टू-डिक्ट या नंतरच्या संचात एकटा लेखक पुन्हा साधा मजकूर होतो. पर्लमधील काटेकोर आज्ञावली मजकुराला यादी मानण्याचे नाकारून निदान थांबते. पायथन मात्र तो मजकूर निमूटपणे अक्षराअक्षराने वाचते, आणि एका लेखकाच्या जागी त्याच्या नावातील प्रत्येक अक्षर स्वतंत्र लेखक म्हणून नोंदले जाते. दोन लेखकांच्या पुस्तकावर चाचणी घेतलेली असल्यास ही चूक ध्यानातही येत नाही. यावर त्या संचात ‘फोर्सलिस्ट’ हा पर्याय ठेवावा लागला; नाव वेगळे असले, तरी तो पर्लमधील उपायच होय.