बासष्टची बॅच

हल्ली प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये जुन्या बॅचचा एक तरी ग्रुप असतोच. कोण कुठे पोचला, कोणी ठाण्याला फ्लॅट घेतला, कोणाची मुलगी कॅनडाला गेली. आमच्या पत्रकारिता डिप्लोमाच्या ग्रुपवरही तेच चालतं. प्रत्यक्ष पत्रकारितेत उरलेत मोजून चार, बाकीचे सकाळी फुलांचे फोटो पाठवतात. असो. या निमित्ताने आज मुंबईतल्या एका बॅचची गोष्ट सांगतो. मुंबई विद्यापीठाची अगदी पहिली बॅच, बासष्टची. म्हणजे 1862 ची बरं का!

विद्यापीठ निघालं 1857 साली. पहिली मॅट्रिक झाली 1859 ला. आणि 1862 मध्ये पहिले बी.ए. बाहेर पडले ते एल्फिन्स्टन कॉलेजचे चौघे: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. यातले भांडारकर आपल्या मालवणात जन्मलेले, 1837 चे. रानडे निफाडचे, 1842 चे. वयात पाच वर्षांचं अंतर, पण पदवी एकत्र. आपल्यापैकी बहुतेकांना यातली दोनच नावं ओळखीची वाटली असतील. तिथेच मला ही गोष्ट लिहावीशी वाटली.

पदवीनंतर चौघांच्या वाटा फुटल्या. भांडारकर आधी सिंधमधल्या हैदराबादला आणि मग रत्नागिरीला हायस्कूलचे हेडमास्तर होते. पुढे एल्फिन्स्टनमध्ये आणि नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक. रानड्यांनी 'इंदुप्रकाश'ची इंग्रजी बाजू सांभाळली, 1866 ला एलएल.बी. केलं, 1871 ला न्यायखात्यातर्फे पुण्याला गेले आणि मग बदल्यांमागून बदल्या. वागळे हायकोर्टात वकिली करत होते. मोडक मास्तरकी करत एल्फिन्स्टन हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले.

मग एकमेकांची खबरबात कशी राहायची? पत्रं होती आणि 1863 ला बोरघाटातून रेल्वे सुरू झाल्यावर मुंबई-पुणे येणं-जाणं सोपं झालं होतं. पण माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. त्यांनी एकत्र कामं काढली. 31 मार्च 1867 ला डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज सुरू झाला आणि थोड्याच काळात हे वर्गमित्र त्यात आले. गिरगावात आज 'प्रार्थना समाज' म्हटलं की लोकांना बसस्टॉप आठवतो, सिग्नल आठवतो. पण आपापली नोकरी-वकिली सांभाळून दर आठवड्याला भेटायची ती एक जागा होती. पुढे 1884 साली पुण्यात मुलींसाठी हायस्कूल निघालं, ज्याला आपण हुजूरपागा म्हणतो. त्याच्या संस्थापकांत शंकर पांडुरंग पंडितांबरोबर रानडे, भांडारकर आणि मोडक आहेत. म्हणजे पदवीनंतर बावीस वर्षांनी चौघांपैकी तिघे पुन्हा एकत्र. आमच्या ग्रुपवर बावीस वर्षांत एक सहल ठरत नाही!

पण फार गोड चित्र काढायचं नाहीय. 1873 मध्ये रानड्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाची बाजू मांडणारा हा माणूस आता विधवेशीच लग्न करणार, असं मित्रांना वाटत होतं. वडिलांनी हट्ट धरला आणि रानड्यांनी त्याच वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. टीका झाली, ती शत्रूंकडून तर झालीच, पण जवळच्यांकडूनही झाली. त्यांनी रमाबाईंना शिकवलं आणि पुढे रमाबाई सेवासदनच्या कामात उभ्या राहिल्या, हेही खरंच. पण त्या क्षणी ते वाकले. भांडारकरांवर वेळ आली तेव्हा त्यांनी 1891 मध्ये आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह करून दिला, घरच्या-दारच्यांचा रोष पत्करून. एकाच बाकावरचे दोघे, एकच मत, आणि वागणं असं वेगळं. तरी त्यांनी एकमेकांना सोडलं नाही, हे मला त्यांच्या पदांपेक्षा मोठं वाटतं. पदं तर मोठी होतीच. 1893 ला भांडारकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्याच वर्षी रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती.

आता दुसरी बाजू. हा चौघांचा वर्ग म्हणजे सगळे पुरुष, सगळे उच्चवर्णीय. जोतीराव फुले त्या बाकावर नव्हते. 1885 मध्ये रानड्यांनी ग्रंथकार सभेला बोलावलं तेव्हा फुल्यांनी पत्र लिहून ठाम नकार दिला. ज्यांच्या हक्कांचा विचार तुम्ही करत नाही, त्यांनी तुमच्यात का मिसळायचं, असा त्याचा रोख होता. त्या पत्राची धार आजही कमी झालेली नाही.

एल्फिन्स्टनच्या त्याच बाकांवर पन्नास वर्षांनी परळच्या चाळीत राहणारा एक मुलगा बसला. भीमराव आंबेडकर, बी.ए. 1912. शाळा एल्फिन्स्टन हायस्कूल, मोडकांचीच. कॉलेजातला हॉटेलवाला त्यांना चहा-पाणी देत नसे, असं चरित्रकारांनी लिहून ठेवलंय. अशा मुलाने कॉलेजच्या जुन्या मंडळींशी कसलं नातं ठेवावं?

तरी 18 जानेवारी 1943 ला, रानड्यांच्या 101 व्या जयंतीला, पुण्यात व्याख्यान द्यायला बाबासाहेबच उभे राहिले. विषय होता रानडे, गांधी आणि जिना. राजकारणाआधी समाज सुधारा असं म्हणणाऱ्या रानड्यांची बाजू त्यांनी त्या दिवशी सविस्तर मांडली. रानड्यांना जाऊन तेव्हा बेचाळीस वर्षं झाली होती आणि भांडारकरांना सतरा.

दादरला रानडे रोडवर खरेदीला आपण सगळेच जातो. लालबाग-परळला नातेवाईक नाही असं घर आपल्याकडे सापडणार नाही. पुढच्या फेरीत गिरगावातही जरा उतरा. आणि मोडक किंवा वागळे यांच्याबद्दल कोणाच्या घरात जुनं पुस्तक, पत्र, काहीही असेल तर मला कळवा. त्या दोघांवर वेगळं लिहायचंय.