राष्ट्राध्यक्षपद आणि अनुभवाचा निकष : बुकॅनन व लिंकन

राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचा पूर्वानुभव कितपत निर्णायक मानावा, या संदर्भात अमेरिकेतील दोन लागोपाठच्या राष्ट्राध्यक्षांची तुलना उद्बोधक ठरते. जेम्स बुकॅनन यांनी प्रतिनिधिगृह, सिनेट, रशिया व ब्रिटनमधील वकिलात आणि परराष्ट्रमंत्रिपद असा दीर्घ अनुभव घेतला होता. अब्राहम लिंकन यांच्यापाशी इलिनॉय विधिमंडळातील आठ वर्षे व प्रतिनिधिगृहातील एकच कार्यकाळ (१८४७-४९) एवढीच शिदोरी होती. डिसेंबर १८६० मध्ये, राज्यांनी फुटून निघणे बेकायदेशीर असले तरी त्यांना बळाने रोखण्याचा अधिकार केंद्रसत्तेला नाही, अशी भूमिका बुकॅनन यांनी घेतली. लिंकन यांनी यादवी युद्ध पत्करून संघराज्य राखले. मात्र सरसेनापतिपदी ग्रँट येईपर्यंत १८६४ साल उजाडले. अनुभवाची उणीव शिकून भरून काढता येते. निर्धाराची उणीव अनुभवाने भरून निघत नाही, असेच यावरून म्हणावे लागेल.