मान्सूनचे वेळापत्रक आणि गोवा-वसईतील पोर्तुगीज वसाहत

सोळाव्या शतकातील पोर्तुगीज सत्तेचा विचार करताना तोफा, तह आणि धर्मप्रसार यांचीच चर्चा प्रामुख्याने होते. वस्तुतः या वसाहतीचे स्वरूप ठरविण्यात समुद्रप्रवासाच्या ऋतुबद्धतेचाही वाटा मोठा होता.

वास्को द गामा एप्रिल १४९८ मध्ये आफ्रिकेतील मालिंदीहून निघाला आणि मान्सूनपूर्व अनुकूल वाऱ्यांमुळे महिन्याच्या आतच कालिकतला पोहोचला. परतताना मात्र तो ईशान्य वारे स्थिरावण्यापूर्वीच निघाला. तोच समुद्र ओलांडण्यास सुमारे तीन महिने लागले. स्कर्व्हीने इतके खलाशी दगावले की, माणसांअभावी एक जहाज जाळून टाकावे लागले. पुढे लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघावे, सप्टेंबरच्या सुमारास गोव्यास यावे आणि डिसेंबर-जानेवारीत परतावे, असा क्रम रूढ झाला.

या क्रमातील पावसाळ्याचे महिने काय करू शकतात, हे १५१० मध्ये दिसले. आफोन्सो द आल्बुकर्कने वर्षारंभी घेतलेला गोवा मे महिन्यात आदिलशाही फौजेने परत मिळविला. पोर्तुगीज जहाजांवर चढले खरे; परंतु पावसाळी समुद्रामुळे मांडवीच्या मुखातून बाहेर पडणे अशक्य झाले होते. ऑगस्टपर्यंत आरमार नदीतच अडकले, अन्नपाण्याचे हाल झाले. नोव्हेंबरात गोवा पुन्हा जिंकल्यावर आल्बुकर्कने आपल्या माणसांचे स्थानिक स्त्रियांशी विवाह लावून त्यांना येथेच वसविले. या धोरणास औदार्य म्हणणे योग्य नव्हे. त्यांतील अनेक स्त्रिया युद्धात पकडलेल्या होत्या. सहा महिन्यांच्या जीवघेण्या प्रवासाने पोर्तुगीज स्त्रिया क्वचितच येत, आणि पावसाळ्यात कुमक येणे शक्य नसल्याने कायम राहणारी शिबंदी आवश्यक होती. विवाहसंस्था येथे संरक्षणव्यवस्थेचाच भाग बनली.

हेच सूत्र वसईत दिसते. गुजरातच्या बहादूरशाहाकडून १५३४ मध्ये मिळालेल्या या मुलखातील गावे पोर्तुगीजांना लष्करी सेवेच्या अटीवर पट्ट्याने दिली गेली. जहाजातून उतरलेला शिपाई अशा रीतीने जमीनदार झाला. तथापि ही वस्ती किनारपट्टीपुरतीच राहिली. सह्याद्रीपलीकडे तिचा विस्तार झाला नाही.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईस वेढा घातला, तेव्हा मराठ्यांची दुसरी फौज गोव्याच्या मुलखात शिरली होती. मे महिन्यात वसई पडली. लिस्बनची जहाजे पोहोचण्याचा हंगाम त्या वेळी आणखी चार महिने दूर होता.