ब्राउझरचा निरोप्या

गाझियाबादहून आज एका अगदी छोट्या वस्तूचा इतिहास सांगतो: सर्व्हरकडे निरोप पाठवून उत्तर आणणारी जावास्क्रिप्टची लायब्ररी. तुमच्या पडद्यावर ‘अर्ज जमा झाला’ असं उमटतं, तेव्हा तो खरंच जमा झाला का, हे पुष्कळदा अशाच फाइलवर अवलंबून असतं.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं, तेव्हा एखादं बटण दाबलं की अख्खं पान नव्याने यायचं. एका हरकाऱ्यासाठी सगळी पलटण उभी ठेवण्यातला हा प्रकार. मार्च १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर मायक्रोसॉफ्टने एक्सएमएलएचटीटीपी नावाचा तुकडा दिला. मूळ गरज आउटलुकची टपाल ब्राउझरमध्ये दाखवण्याची होती. पान जागेवर ठेवून मागच्या मागे निरोप पाठवायची सोय झाली. इतर ब्राउझरांनी ती उचलली, पण हाक मारायची पद्धत वेगळी ठेवली. म्हणजे प्रोग्रामरला दोन्ही भाषांत आज्ञा लिहिणं आलं, वर शून्य ते चार असे अवस्थांचे आकडे तपासत बसायचं.

१ एप्रिल २००४ ला जीमेल, फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स आले. त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेटने या पद्धतीला ‘एजॅक्स’ असं नाव दिलं आणि ती सगळ्यांनाच हवीशी झाली. सॅम स्टीफन्सनची प्रोटोटाइप २००५ ची, जॉन रेसिगची जेक्वेरी २००६ ची. ब्राउझरांची भांडणं त्यांनी आपल्या पोटात घेतली.

आता आपल्या भाषेचा मुद्दा. वेबच्या पत्त्यात देवनागरी सरळ जात नाही. ‘पुणे’ या शब्दात संगणकाच्या हिशेबाने चार चिन्हं आहेत. प्रत्येकाचे तीन बाइट, आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहायचा. एवढासा ‘पुणे’ छत्तीस अक्षरांचा होऊन प्रवास करतो! जावास्क्रिप्टचं जुनं ‘एस्केप’ हे फंक्शन निराळीच टक्का-यू पद्धत वापरायचं, ती अनेक सर्व्हरांना कळत नसे आणि नावाचा चुथडा व्हायचा. जेक्वेरीसारख्या लायब्ररीने योग्य फंक्शन आतूनच लावलं. मराठी नाव धडपणे पोहोचण्यामागे हे एक अदृश्य काम आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोलाचं.

२००९ मध्ये नोड आल्यावर जावास्क्रिप्ट सर्व्हरवरही चालू लागली. तिथे मिकील रॉजर्सची ‘रिक्वेस्ट’ लायब्ररी घरोघरी पोहोचली. २०१४ मध्ये मॅट झॅब्रिस्कीची अ‍ॅक्सिओस आली, ब्राउझर आणि नोड दोन्हीकडे चालणारी. २०१५ पासून ब्राउझरांनी ‘फेच’ नावाची सोय स्वतःतच बसवली, २०२२ मध्ये नोड १८ नेही. ‘रिक्वेस्ट’ला तिच्या कर्त्यांनीच फेब्रुवारी २०२० मध्ये निवृत्त केलं. बांधणी जुन्या वळणाची होती, आणि ती मुळातून बदलली असती तर तिच्यावर उभे असलेले असंख्य प्रकल्प कोसळले असते. वेळेवर घेतलेली ही निवृत्ती मला आवडली.

मग ‘फेच’ असताना लायब्ररी हवीच कशाला? कारण सर्व्हरने ‘सापडत नाही’ (४०४) किंवा ‘माझ्याकडेच बिघाड’ (५००) असं कळवलं, तरी ‘फेच’ त्याला अपयश मानत नाही. उत्तर आलं ना, मग त्याचं काम झालं. फौजेत निरोपाची पोच आली म्हणून हुकूम अमलात आला असं कोणी धरत नाही. तुमचा प्रोग्रामर ते तपासायला विसरला, तर हयातीचा दाखला सर्व्हरने नाकारला असतानाही पडद्यावर ‘धन्यवाद’ येऊ शकतं, आणि पेन्शन थांबल्यावरच घरात कळतं. अ‍ॅक्सिओस अशा उत्तराला आपणहून चूक ठरवते. जे तिला घेत नाहीत, ते ‘फेच’भोवती स्वतःच दहा-बारा ओळी गुंडाळतात, आणि प्रत्येक कचेरीत पुन्हा एक छोटी लायब्ररी तयार होते.