मोडी वाचणारा आणि जुना संगणक

बडोद्याच्या गायकवाडी अमदानीतील एखादा दफ्तरी कागद हाती घेतला, तर आजच्या सुशिक्षित मराठी माणसास तो बहुधा वाचता येत नाही. भाषा त्याचीच, परंतु लिपी मोडी. कागद शाबूत आहे. वाचणारे तेवढे विरळ झाले. मोडीवर ही वेळ यावयास काही पिढ्या लागल्या. संगणकाच्या जगात ती चाळीस वर्षांच्या आतच आली.

1984 साली आपल्याकडे शाळांतून संगणक-साक्षरतेची ‘क्लास’ ही योजना सुरू झाली. सुमारे 250 शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ हे ब्रिटिश बनावटीचे यंत्र मिळाले. त्याची स्मृती अवघी 32 किलोबाइट आणि वेग सेकंदास वीस लक्ष ठोके. त्यावरचे पाठ व खेळ आजच्या यंत्रास उमगत नाहीत. त्यासाठी दुभाषी लागतो. त्याचे नाव एम्युलेटर.

हा शब्द रूढ केला तो आयबीएमच्या अभियंत्यांनी. 1959 सालचे त्यांचे ‘1401’ हे यंत्र असंख्य कचेऱ्यांत चालत होते. 1964 साली ‘सिस्टिम 360’ जाहीर करताना प्रश्न उभा राहिला : ग्राहकांनी जुन्या आज्ञावल्या टाकून द्यावयाच्या काय? निव्वळ आज्ञावलीने अनुकरण केले, तर काम फारच मंदावे. म्हणून नव्या यंत्राच्या अंतर्गत सूक्ष्म आज्ञांतच जुन्या यंत्राची भाषा उतरविली गेली आणि जुनी कामे मूळ यंत्राहूनही जलद होऊ लागली.

आज वेगाची वाण नाही. तरीही जुना खेळ अडखळतो. असे का व्हावे? बीबीसी मायक्रो सेकंदास 50 चित्रे दाखवी. आजचे बहुतेक पडदे 60 वेळा ताजे होतात. त्यामुळे काही चित्रे दोनदा दिसतात आणि हालचालीस हिसके बसतात. पडदा 50 किंवा 100 वर लावता आला, तर हा दोष जातो. ध्वनीचा राखीव साठा फार लहान ठेवल्यास आवाज तुटतो, फार मोठा ठेवल्यास तो उशिरा उमटतो. न तुटण्याइतपत लहान साठा उत्तम. लॅपटॉपची वीजबचत तेवढ्यापुरती बंद ठेवावी, कारण ती प्रोसेसरची गती मध्येच उतरविते.

राहिला प्रश्न अचूकतेचा. जुन्या यंत्राचा ठोका न् ठोका पाळणारा एम्युलेटर अधिक श्रम मागतो. वरवरचा झरझर धावतो, पण कधी भलतेच दाखवितो. एका अक्षराने केवढा अनर्थ घडतो, हे ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका ऐकत वाढलेल्या आपणांस सांगावयास नको. यंत्र पेलू शकत असेल, तर अचूकच निवडावा.

त्या चुंबकीय तबकड्या मात्र दिवसेंदिवस क्षीण होत आहेत. कोणाच्या माळ्यावर त्या असतील, तर त्यांची नक्कल आजच करून ठेवावी. दुभाषी कितीही निष्णात असला, तरी त्याला वाचावयास मूळ लेख उरला पाहिजे.