विमानातील धूर आणि धूम्रपानबंदी

विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात प्रवासी विमानात सिगारेट ओढण्यात कुणालाच काही गैर वाटत नव्हते. आसनाच्या हातातच छोटा ॲशट्रे बसवलेला असे. अमेरिकेतील काही कंपन्या जेवणाच्या ट्रेबरोबर चार सिगारेटींचे पाकीट फुकट देत. या प्रथेला सुमारे तीस वर्षांत जो उतार लागला, त्यात आगी, वैद्यकीय संशोधन आणि कायदा या तिन्हींचा वाटा होता. सर्वांत मोठा वाटा मात्र त्या धुरात नोकरी करणाऱ्या विमान परिचारिकांचा होता.

विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असताना बाहेरची हवा श्वासाला पुरत नाही. म्हणून ती दाबून, योग्य तापमानाला आणून केबिनमध्ये सोडतात. ती छताजवळून आत येते, फरशीलगतच्या फटींतून खाली जाते आणि झडपेतून बाहेर पडते. सिगारेटच्या धुरातील डांबर याच वाटेवर साचत असे. झडपांवर तपकिरी, चिकट थर बसायचा आणि मेकॅनिकांना तो खरवडून काढावा लागायचा. सुरुवातीच्या जेट विमानांत सगळी हवा बाहेरून घेतलेली असे. इंधन महागल्यावर हे परवडेनासे झाले. १९८०च्या दशकात आलेल्या बोइंग ७५७ आणि ७६७ या विमानांत जवळपास निम्मी हवा पुन्हा फिरवली जाऊ लागली. त्यामुळे एकाने सोडलेला धूर सगळ्यांच्या वाट्याला येण्याची शक्यता वाढली.

विरोधाला संघटित रूप आले ते १९६९मध्ये. ग्राहकहक्कांचे पुरस्कर्ते राल्फ नेडर यांनी विमानात धूम्रपानावर बंदी घालावी, अशी मागणी अमेरिकेच्या हवाई प्रशासनाकडे केली. १९७१मध्ये युनायटेड एअरलाइन्सने धूम्रपान न करणाऱ्यांसाठी वेगळ्या रांगा ठेवल्या. १९७३मध्ये अमेरिकेच्या नागरी हवाई मंडळाने अशी विभागणी सर्व कंपन्यांना सक्तीची केली. पण दोन भागांच्या मध्ये भिंत नव्हती. पाटी लावून रांगा वेगळ्या झाल्या, हवा एकच राहिली. शिवाय धूम्रपानाच्या रांगा बहुधा मागच्या बाजूला असत आणि परिचारिकांना ट्रे घेऊन त्यांतूनच सतत ये-जा करावी लागे. प्रवाशाला जागा बदलून मागता येई, परिचारिकांना ती सोय नव्हती.

आगीचा धोका त्याच वर्षी ठळकपणे समोर आला. ११ जुलै १९७३ रोजी रिओहून पॅरिसला निघालेल्या व्हारिग कंपनीच्या बोइंग ७०७च्या मागच्या स्वच्छतागृहात आग लागली. वैमानिकांनी ओर्ली विमानतळाच्या अलीकडे शेतात विमान उतरवले, तरी १३४ पैकी १२३ जण दगावले. बहुतेकांचा जीव धुराने गुदमरून गेला. कचऱ्याच्या डब्यात पडलेली जळती सिगारेट हे आगीचे एक संभाव्य कारण मानले गेले. त्यानंतर अमेरिकेत स्वच्छतागृहात धूम्रपानाला मनाई झाली आणि तेथे ॲशट्रे बसवणे सक्तीचे झाले. बंदी असूनही कुणी सिगारेट पेटवलीच, तर ती विझवायला कागदाच्या डब्याऐवजी सुरक्षित जागा हवी, असा त्यामागचा विचार होता. म्हणूनच आजच्या विमानांतही तो ॲशट्रे दिसतो.

१९८६मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने केबिनमधील हवेवर अहवाल दिला आणि देशांतर्गत सर्व उड्डाणांत धूम्रपान बंद करण्याची शिफारस केली. तिची कारणे चार होती: प्रवासी व कर्मचाऱ्यांना होणारा त्रास, आरोग्याला असलेला धोका, आगीची भीती आणि केबिनची हवा इतर बंदिस्त जागांच्या निकषांना उतरावी ही अपेक्षा. केबिनमधील लोकांच्या शरीरातील निकोटीनचे अंश मोजणारा अभ्यास १९८९मध्ये प्रसिद्ध झाला. सीमेलगतच्या, नावाला धूरमुक्त रांगांत बसलेल्यांनाही धुराची झळ पोचते, हे त्यातून दिसले.

कायदा टप्प्याटप्प्याने आला. वडिलांना फुप्फुसाच्या कर्करोगाने गमावलेले काँग्रेस सदस्य रिचर्ड डर्बिन यांची दुरुस्ती १९८७मध्ये प्रतिनिधिगृहात १९८ विरुद्ध १९३ अशा निसटत्या मतांनी मंजूर झाली. २३ एप्रिल १९८८पासून दोन तासांपर्यंतच्या, तर २५ फेब्रुवारी १९९०पासून सहा तासांपर्यंतच्या देशांतर्गत उड्डाणांत बंदी लागू झाली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९९२मध्ये सदस्य देशांना १ जुलै १९९६पर्यंत आंतरराष्ट्रीय उड्डाणे धूरमुक्त करण्याचे आवाहन केले. २०००मध्ये अमेरिकेत येणाऱ्या-जाणाऱ्या सर्व प्रवासी उड्डाणांत धूम्रपानाला कायद्याने मनाई झाली.

दरम्यान लढा न्यायालयातही पोचला होता. कधीही सिगारेट न ओढलेल्या नॉर्मा ब्रॉइन या विमान परिचारिकेला ऐन तिशीत फुप्फुसाचा कर्करोग झाला. १९९१मध्ये तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी मायामीत तंबाखू कंपन्यांविरुद्ध सामूहिक दावा लावला. १९९७मध्ये तडजोड झाली. परिचारिकांच्या हाती थेट भरपाई पडली नाही, पण कंपन्यांनी दिलेल्या ३० कोटी डॉलरमधून धुराशी निगडित आजारांच्या संशोधनासाठी संस्था उभी राहिली आणि वैयक्तिक दाव्यांची वाट मोकळी राहिली.

आज अनेक मोठ्या विमानांत पुन्हा फिरवली जाणारी हवा हेपा गाळणीतून जाते. ती ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवते, पण धुरातील वायू अडवू शकत नाही. त्यामुळे उत्तम गाळणी असती, तरी तिने बंदीची जागा घेतली नसती. धूर केबिनमध्ये निर्माणच होऊ न देणे हाच उपाय होता. २०१६मध्ये अमेरिकेने तोच नियम ई-सिगारेटलाही लागू केला.